कास्टिंगच्या कोपऱ्यावर फाटणारी पिशवी आणि दाण्याचं प्रमाण

प्रश्न थोडक्यात असा. भोसरीत एका थराची ब्लोन फिल्म, म्हणजे वितळलेल्या प्लास्टिकचा फुगा (बबल) हवेने फुगवून केलेली फिल्म, काढणारं मशीन आहे. डाय, म्हणजे वितळ बाहेर पडते तो गोल साचा, १२५ मिमीची, तिच्या लिपमधली (तोंडाच्या कडांमधली) फट १ मिमी. चाकणच्या एका कारखान्याला तेल लावलेल्या कास्टिंगसाठी (ओतीव धातूच्या भागांसाठी) पिशव्या जातात. एक १८ × २४ इंची, दुसरी १० × १४ इंची, दोन्ही ७५ मायक्रॉन, म्हणजे आपल्या बाजारभाषेत ३०० गेज. दाण्यांचं मिश्रण एलडी ७०, एलएलडी ३० टक्के (दोन्ही पॉलिथिलीनचे प्रकार) आणि वर ‘थोडा’ आरपी, म्हणजे पुनर्वापराचा दाणा. पिशव्या कोपऱ्यावर फाटतात, कधी तळाचं सील सुटतं, आणि हलका माल जाणारी छोटी पिशवीच जास्त फाटते. दाणेवाला म्हणाला, शंभर टक्के मेटॅलोसीन (एलएलडीचाच एक प्रकार) टाका. टाकलं तर मोटरचे अँपिअर चढले, बबल नाचायला लागला आणि फिल्म खरखरीत आली. मग प्रमाण काय ठेवायचं?

आकडा हवा असेल तर आधीच देतो. १८ इंची पिशवीसाठी साधा सी-४ एलएलडी (सी-४ म्हणजे काय ते पुढे येईल) ४७, मेटॅलोसीन एलएलडी २५, एलडी २५ आणि उरलेले ३ टक्के मास्टरबॅच (दाण्यात मिसळायचे पूरक पदार्थ), इथून सुरुवात करा. पण हे मिश्रण तुमच्या १० इंची पिशवीला पुरणार नाही आणि सील सुटण्याची तक्रारही त्याने अर्धीच जाईल. तीन वेगळी दुखणी एका प्रश्नात आली आहेत, आणि त्यातलं एक तर दाण्याचं नाहीच.

पहिलं काम म्हणजे फाटलेल्या पिशव्या परत मागवा. फोटो नकोत, पिशव्याच हव्यात, निदान वीसेक. एकेक पिशवी ट्यूबलाइटसमोर धरा आणि फाटलेल्या जागेची कड बघा. भोकाची कड ओढल्यासारखी, पांढरट आणि पातळ झालेली दिसली, तर फिल्म आधी ताणली गेली आणि मग हरली. तिथे ताकद कमी पडली, ती एलएलडी वाढवून मिळते. कड ब्लेडने कापल्यासारखी सरळ आणि चीर रोलच्या लांबीच्या दिशेने धावलेली असेल, कुठे पांढरं झालेलं नसेल, तर फिल्म ताणलीच गेली नाही, ती उसवली. हे बहुतेक वेळा मशीनवर बबल कसा फुगवला त्याचं फळ असतं. सील शाबूत आणि त्याच्या अगदी लगत फिल्म तुटलेली असेल, तर सीलिंगचा जबडा जास्त तापला आहे किंवा जास्त दाबतो आहे. आणि सीलचे दोन पदर सोलल्यासारखे सुटे, दोन्ही गुळगुळीत असतील, तर ते मुळात एकजीव झालेच नव्हते. वीस पिशव्यांची अशी चार ढिगांत वाटणी झाली की निम्मं उत्तर तिथेच मिळतं.

याच वेळी मायक्रोमीटरने त्या पिशवीच्या परिघावर सोळा ठिकाणी जाडी मोजा. सरासरी ७५ भरेल, पण एखाद्या जागी ५८ लागलं तर पिशवी ७५ ची नसून ५८ चीच समजायची, कारण कोपरा तिथेच भोक पाडतो. जाडीतला फरक सरासरीच्या १० टक्क्यांच्या आत हवा. तो त्याहून जास्त असेल तर डाय सेंटर करा, एअर रिंगच्या (बबलला थंड हवा मारणाऱ्या कड्याच्या) फटीत अडकलेला कचरा काढा, कारखान्याच्या दारातून बबलवर येणारा वारा अडवा. याला एक रुपयाचा दाणा लागत नाही. हे न करता महागडा दाणा घेणं म्हणजे गळक्या टाकीत टँकरचं पाणी ओतणं.

आता दाण्यांकडे येऊ. एलडीच्या रेणूला लांब लांब फांद्या असतात. वितळल्यावर त्या एकमेकींत अडकतात, म्हणून एलडीचा बबल घट्ट उभा राहतो, स्क्रूवर (दाणा वितळवून पुढे ढकलणाऱ्या मळसूत्रावर) भार कमी येतो, फिल्म पारदर्शक दिसते. पण त्याच फांद्या फिल्म ओढली जाताना लांबीच्या दिशेने लोळतात आणि थंड होताना तशाच गोठतात. म्हणून एलडी जास्त असलेली फिल्म लांबीच्या दिशेने सहज चिरते. एलएलडीच्या रेणूला आखूड फांद्या. घन अवस्थेत हे रेणू स्फटिकांमध्ये दोऱ्यासारखे विणले जातात, त्यामुळे फिल्म ओढली की लांबते, टोचली की तग धरते. पण वितळलेल्या अवस्थेत तो लेचापेचा, बबलला आधार देत नाही, आणि स्क्रूमध्ये मात्र हट्टी. एलडी वेगाने घुसळला की पातळ होतो, एलएलडी तेवढा होत नाही, म्हणून अँपिअर चढतात. तुमच्या मशीनवर जे झालं ते हेच.

एलएलडीमध्ये आखूड फांदी ब्युटीनची असेल तर सी-४, हेक्झीनची असेल तर सी-६, ऑक्टीनची असेल तर सी-८. फांदी जेवढी लांब, तेवढी फाटण्याला आणि टोचण्याला दाद न देण्याची ताकद वाढते, भावही वाढतो. बाजारात सगळ्यात सहज मिळतो तो सी-४. मेटॅलोसीन हा उत्प्रेरकाचा प्रकार आहे. त्याने बनलेल्या दाण्यात फांद्या सगळ्या रेणूंवर सारख्या वाटलेल्या असतात आणि रेणूंची लांबीही सारखी असते. म्हणून टोचण्याविरुद्ध तो फार बळकट आणि सीलही कमी तापमानाला धरतो. त्याच सारखेपणामुळे तो मशीनवर सगळ्यात त्रासदायक. एलडीसाठी बनवलेल्या स्क्रूवर आणि १ मिमी फटीच्या डायवर शंभर टक्के मेटॅलोसीन चालवायला सांगणाऱ्याने तुमचं मशीन पाहिलेलं नाही, एवढंच म्हणतो.

मग एलडी २५ टक्के कशासाठी? फक्त बबल उभा राहावा म्हणून, ताकदीसाठी नाही. एलएलडीमध्ये थोडासा एलडी मिसळला तरी लांबीच्या दिशेची चिरण्याविरुद्धची ताकद झपाट्याने उतरते, त्यामुळे एलडी जेवढा कमी करता येईल तेवढा बरा. किती कमी करता येईल ते एअर रिंगवर अवलंबून आहे. एका फटीची साधी रिंग असेल तर २० ते २५ च्या खाली बबल सांभाळणं कठीण. दोन फटींची रिंग असेल तर १० ते १५ पर्यंत जाता येतं. एलडी निवडताना एमएफआय बघा, म्हणजे १९० अंशांना २.१६ किलो वजनाखाली दहा मिनिटांत किती ग्रॅम वाहतो तो आकडा. २ एमएफआयचा एलडी पारदर्शक, पण बबलला आधार कमी. ०.५ च्या आसपासचा एलडी कमी टक्क्यांत तेच काम करतो. पार ०.३ वर जायचं तर स्क्रू नीट मिसळणारा हवा, नाहीतर न विरघळलेल्या गुठळ्या फिल्ममध्ये माशाच्या डोळ्यांसारख्या दिसतात. एलएलडी आणि मेटॅलोसीन दोन्ही १ एमएफआयच्या आसपासचे घ्या. २ किंवा ३ चा दाणा स्ट्रेच फिल्मच्या कास्ट लाइनसाठी (तिथे बबल नसतो) असतो, स्वस्त मिळाला म्हणून ब्लोनवर टाकू नका.

मास्टरबॅचचे ३ टक्के असे: प्रोसेसिंग एड दीड टक्का, अँटिब्लॉक (पदर एकमेकांना चिकटू न देणारा) एक टक्का, स्लिप (फिल्म निसरडी करणारी) अर्धा टक्का. पण त्याआधी दाण्याच्या गोणीवरचा ग्रेड आणि त्याचा डेटाशीट बघा. बरेच फिल्म ग्रेड स्लिप आणि अँटिब्लॉक आधीच घालून येतात. तसा दाणा असेल तर वरून स्लिप टाकायची नाही. प्रोसेसिंग एड कशाला? खरखरीत फिल्म आली म्हणता, ते मेल्ट फ्रॅक्चर आहे. चिकट वितळ डायच्या लिपला धरून धरून सुटते आणि पृष्ठभाग शार्कच्या कातडीसारखा होतो. एडचा पातळ थर डायच्या आत बसला की वितळ सरकून निघते. हा थर बसायला अर्धा ते एक तास लागतो, काही डायवर त्याहूनही जास्त. दहा मिनिटांत फरक दिसला नाही म्हणून डोस दुप्पट करू नका. लिपचं तापमान १० अंशांनी वाढवलं तर मदत होते. बॅरल (स्क्रूभोवतीची तापणारी नळी) साधारण १६५ पासून सुरू करून १९० पर्यंत, डाय १९० ते १९५. निव्वळ एलडीला हे जास्त वाटेल, पण ७० टक्के एलएलडीला लागतं.

मेल्ट फ्रॅक्चरवर दुसरा उपाय डायची फट २ मिमी करण्याचा सांगितला जाईल. एलएलडीच्या मशीनवर ती तशीच असते, चुकीचा उपाय नाही. पण तुमच्या छोट्या पिशवीसाठी तो घातक ठरेल. ते कसं, हे बघायला थोडं गणित करू.

बबल डायच्या व्यासाच्या किती पट फुगतो, त्याला ब्लो-अप रेशो म्हणतात. आडव्या पडलेल्या ट्यूबची रुंदी गुणिले २, भागिले डायचा व्यास गुणिले ३.१४. तुमच्या १८ इंची, म्हणजे ४५७ मिमी ट्यूबला हे ९१४ भागिले ३९३, म्हणजे २.३ येतं. ठीक आहे, अशा फिल्मला २ ते ३ च्या मध्ये असावं. आता १० इंची, २५४ मिमी: ५०८ भागिले ३९३, म्हणजे १.३. बबल जवळजवळ फुगलेलाच नाही. आता दुसरी बाजू बघा. १ मिमी, म्हणजे १००० मायक्रॉन फटीतून निघालेली वितळ ७५ मायक्रॉन झाली पाहिजे. १८ इंचीत आडवा ताण २.३ पट, लांबीला ५.७ पट. १० इंचीत आडवा १.३ पट आणि लांबीला १०.३ पट. म्हणजे सगळे रेणू एकाच दिशेला विंचरले गेले. अशी फिल्म लाकडाच्या ढलपीसारखी शिरेच्या दिशेने चिरते, मग दाणा कुठलाही असो. फट २ मिमी केलीत तर लांबीचा ताण २० पटीच्या वर जाईल. छोटी पिशवी जास्त का फाटते याचं कारण हे आहे. त्या ढिगातल्या पिशव्यांची चीर सरळ, लांबीच्या दिशेने आणि बिनपांढरी सापडेल, याबद्दल मला फारशी शंका नाही.

यावर सरळ उपाय लहान डायचा. ८० मिमीच्या डायवर १० इंची ट्यूबचा रेशो २ येतो. डाय घेणं जमत नसेल तर पिशवीची दिशा बदला. १० × १४ ची पिशवी आहे ना? मग १० इंची ट्यूब काढून तळ सील करण्याऐवजी १४ इंची ट्यूब काढा, एका कडेने चिरा, म्हणजे दुसरी कड घडी म्हणून राहते. ही घडी पिशवीचा तळ. मग दर १० इंचांवर बाजूने सील करत कापा. ट्यूब १४ इंची झाल्याने रेशो १.८ वर आला, लांबीचा ताण साडेसात पटींच्या आसपास उतरला, आणि तळाला सीलच उरलं नाही. बाजूच्या सीलवर आता भार येईल, तेव्हा जबड्याचं तापमान नव्याने बसवावं लागेल. यासाठी साइड सीलचं मशीन लागतं. नसेल तर भोसरीत किंवा चिंचवडला जॉबवर्कने करून देणारे सापडतील, आधी पाचशे पिशव्यांची चाचणी करून बघा. फ्रॉस्ट लाइन, म्हणजे जिथे फिल्म धूसर होऊन गोठते ती रेघ, पाच-सात सेंटिमीटर वर नेली तरी रेणूंना सैल व्हायला थोडा वेळ मिळतो. फिल्म जरा धुरकट होईल. कास्टिंगच्या पिशवीला ते चालतं.

सीलकडे येऊ. तळाचं सील सुटलं की लोक तेलाला दोष देतात. पण तळाचं सील तुमच्याकडे होतं, तेव्हा तिथे तेल नसतंच. तेलाचा त्रास तोंडाच्या सीलला होतो, जे तुमचं गिऱ्हाईक करतं. तळाचं सील पिशवी भरताक्षणी सुटत असेल तर ते कमी तापलंय किंवा पृष्ठभागावर स्लिप जास्त आहे. एलडी साधारण ११० अंशांना वितळतो, सी-४ एलएलडी १२२ ते १२४ ला. मिश्रणात एलएलडी वाढवला आणि कटिंग मशीनची सेटिंग जुनीच ठेवली, तर सील वरवर चिकटल्यासारखं दिसतं आणि सोलून निघतं. हे नव्या मिश्रणावर तुमच्याकडे नक्की होणार, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

सीलची चाचणी करायला प्रयोगशाळा लागत नाही. जबडा १२० अंशांवर लावा, दहा पिशव्या काढा, मग पाच-पाच अंशांनी १५० पर्यंत चढा, प्रत्येक वेळी दहा. सगळ्यांवर मार्करने तापमान लिहा. थंड झाल्यावर सीलला काटकोनात १५ मिमी रुंदीच्या पट्ट्या कापा. एक टोक क्लिपने खिळ्याला अडकवा, दुसरं सामान मोजायच्या हुकवाल्या डिजिटल काट्याला, आणि सावकाश ओढा. काटा किती दाखवतो ते लिहाच, पण डोळे सीलवर ठेवा. १२० ला पदर चर्रकन सोलले जातील. थोडं वर गेलं की सील जागेवर राहील आणि शेजारची फिल्म लांबत जाईल, पांढरी पडेल, हाताला च्युइंगमसारखी वाटेल. तो तुमचा तापमानाचा पट्टा. आणखी वर गेलात की फिल्म लांबण्याआधीच सीलच्या कडेला तुटेल, काट्यावरचा आकडाही उतरेल. फिल्म लांबते त्या तापमानांच्या पट्ट्याच्या मधोमध मशीन लावा. हा पट्टा १० अंशांहून अरुंद असेल तर उन्हाळ्यात दुपारी आणि डिसेंबरात पहाटे एकच सेटिंग चालणार नाही. मेटॅलोसीनचा एक मोठा फायदा इथे आहे: तो पट्टा खालच्या बाजूने रुंद करतो. तोंडाच्या सीलवर तेलाचा ओघळ आला तरी तो जरा निभावून नेतो, एलडी नेत नाही.

आता सील चार दिवसांनी गोदामात पडल्या पडल्या सुटत असेल, तर मात्र तेल आणि ताण मिळून हे करतायत. पॉलिथिलीनवर सतत ताण असताना तेल किंवा साबणासारखा पदार्थ लागला की तडे जातात. जास्त एमएफआयचा एलडी याला फार लवकर बळी पडतो, कमी एमएफआयचा एलएलडी बराच टिकतो. म्हणून गिऱ्हाइकाला विचारा: सील केव्हा सुटलं, भरताना, ट्रकमध्ये की गोदामात? या एका प्रश्नाने दोन वेगळी कारणं वेगळी होतात.

स्लिपबद्दल एक सावधगिरी. स्लिप पृष्ठभागावर हळूहळू येते. ओलिअमाइड लवकर, एरुकामाइड सावकाश. मशीनवरून उतरलेली फिल्म लगेच तपासली तर घर्षण जास्त आणि सील चांगलं वाटतं. दोन दिवसांनी तीच फिल्म निसरडी आणि सील कमजोर. म्हणून कुठलीही चाचणी ४८ तासांनी परत करा. छपाई असेल तर ट्रीटिंग (शाई धरावी म्हणून फिल्मला द्यायचा विजेचा मारा) फिल्म काढतानाच, त्याच मशीनवर करा, ३८ ते ४० डाइन (पृष्ठताणाचं माप) मिळवा. जुन्या रोलवर नंतर ट्रीट करायला गेलात तर स्लिप आडवी येते.

‘थोडा’ आरपी म्हणजे किती, हे तुम्ही सांगितलं नाही, आणि मला वाटतं ते तुमच्या ऑपरेटरलाही नक्की माहीत नसावं. स्वतःच्या कारखान्यातली स्वच्छ कात्रण १० टक्के, फार तर १५ टक्के परत टाकायला हरकत नाही, कारण तिचं मिश्रण तुम्हाला ठाऊक आहे. बाजारातला आरपी ही वेगळी गोष्ट. त्यात एचएम (जास्त घनतेचं पॉलिथिलीन) असतो, पीपी (पॉलिप्रॉपिलीन) असतो, कधी नायलॉनचे तुकडे असतात जे १९० अंशांना वितळतच नाहीत आणि फिल्ममध्ये भोकं पाडतात. मूठभर दाणे पाण्यात टाकून बघा. बुडाले तर त्यात फिलर (कॅल्शिअमची पूड) किंवा तसंच काही जड आहे. तरंगले म्हणून शुद्ध समजू नका, पीपीही तरंगतो. खरी परीक्षा अशी: नुसता आरपी चालवून जितकी पातळ जमेल तितकी फिल्म काढा, वहीच्या कागदाएवढा तुकडा उजेडासमोर धरा आणि गुठळ्या मोजा. प्रत्येक लॉटला मोजा, लिहून ठेवा. एकदा बघून पुरवठादारावर विश्वास ठेवायचा, हे या धंद्यात चालत नाही. कोपऱ्यावर फाटणाऱ्या पिशवीत, एका थराच्या मशीनवर, बाजारचा आरपी मी शून्य ठेवीन. तीन थरांचं मशीन असतं तर गोष्ट वेगळी होती. २५-५०-२५ च्या रचनेत मधल्या थरात ४० टक्के आरपी टाकला तर एकूण २० टक्के होतो, आणि बाहेरचे थर सील आणि ताकद सांभाळतात.

हा विचार कधीतरी करावाच लागणार आहे. २०२२ च्या ईपीआर (उत्पादकाची विस्तारित जबाबदारी) मार्गदर्शक तत्त्वांत लवचीक पॅकेजिंगमध्ये पुनर्वापरातल्या प्लास्टिकचं प्रमाण २०२५-२६ पासून १० टक्के आणि २०२७-२८ पासून २० टक्के असं मांडलेलं आहे. पुढच्या मशीनचा विचार मनात असेल तर एका थराचं दुसरं मशीन घेऊ नका.

फिलरचं गणित बहुतेकांचं चुकतं. कॅल्शिअमचा फिलर मास्टरबॅच किलोला स्वस्त पडतो, हे खरं. समजा १० टक्के टाकला आणि त्यात ७५ टक्के कॅल्शिअम कार्बोनेट आहे. कॅल्शिअम कार्बोनेटची घनता २.७, पॉलिथिलीनची ०.९२. मिश्रणाची घनता ०.९७ च्या आसपास जाते. त्याच जाडीच्या त्याच मापाच्या पिशवीला ५ टक्के जास्त वजन लागतं, म्हणजे किलोमागे वाचलेल्या पैशातला मोठा भाग तिथेच गेला, आणि वर फिल्म ठिसूळ. जून ते सप्टेंबरमध्ये फिलर ओल धरतो ते वेगळंच. फिल्मवर लांबट भिंगासारखे बुडबुडे दिसले तर आधी फिलर आणि काळा मास्टरबॅच ७०-८० अंशांना दोन-तीन तास सुकवून बघा, मशीनला हात लावण्याआधी.

ओलीवरून आठवलं, चाकणच्या गिऱ्हाइकाने गंजरोधक व्हीसीआय फिल्म मागितली तर याच मिश्रणात मास्टरबॅच टाकून मोकळं होता येत नाही. व्हीसीआयचं रसायन वाफ होऊन धातूवर बसतं. तेच रसायन जास्त तापमानाला डायवरच उडून जातं. बहुतेक पुरवठादार मर्यादा देतात, ती तुमच्या १९० च्या खाली असू शकते. तेव्हा एलडी ४० पर्यंत वाढवून तापमान उतरवावं लागेल, त्यात ताकद थोडी जाईल, ती जाडीने भरून काढायची. आणि लोखंडासाठीचा व्हीसीआय ॲल्युमिनिअमच्या किंवा पितळी भागाला चालेलच असं नाही, म्हणून भाग कोणत्या धातूचे आहेत ते गिऱ्हाइकाकडून लेखी घ्या.

इथवरचा हिशेब असा: टोचून ताणून फाटलं तर एलएलडी आणि थोडा मेटॅलोसीन, सरळ चिरलं तर ब्लो-अप रेशो, सील सोललं तर जबडा आणि स्लिप, दिवसांनी सुटलं तर एमएफआय. उरला पैशाचा प्रश्न, आणि तुमच्या मनात खरा तोच असणार.

नवं मिश्रण किलोला महाग पडेल. समजा ८ टक्क्यांनी. तेच ७५ मायक्रॉन काढत राहिलात तर तोटाच. मेटॅलोसीनचे पैसे जाडी उतरवूनच वसूल होतात. १८ × २४ च्या पिशवीचे दोन्ही पदर मिळून क्षेत्रफळ ०.५६ चौरस मीटर. ७५ मायक्रॉनला तिचं वजन ३८.५ ग्रॅम, किलोत २६ पिशव्या. ६० मायक्रॉनला ३०.८ ग्रॅम, किलोत ३२. दाणा ८ टक्के महाग आणि वजन २० टक्के कमी, म्हणजे पिशवीमागे दाण्याचा खर्च साडेतेरा टक्क्यांनी उतरला. पण तुम्ही माल किलोवर विकत असाल तर ही बचत सगळी गिऱ्हाइकाच्या खिशात जाते, तुमची विक्री घटते, आणि खरेदी खात्यातला माणूस म्हणतो ‘तुमचा किलोचा भाव वाढला’. म्हणून नवा माल नगावर कोट करा. किलोच्या भावावर अडून बसणाऱ्या गिऱ्हाइकासाठी मेटॅलोसीन वापरू नका, त्याला सी-४ एलएलडी ७० आणि एलडी २७ चं मिश्रण ७५ मायक्रॉनमध्ये द्या. सध्याच्या ३०-७० पेक्षा तेही पुष्कळ बरं.

जाडी ५० च्या खाली नेऊ नका. प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ प्रमाणे वस्तू गुंडाळण्याची शीट आणि तिची कव्हरं किमान ५० मायक्रॉन हवीत, वस्तूच्या उपयोगात जाडी आडवी येत असेल तेवढा अपवाद. शिवाय परिघावर १० टक्के फरक धरला तर ५५ च्या खाली सेट करणं तसंही जोखमीचं.

चाचण्या एका वेळी एकच गोष्ट बदलून करा. आधी जुनंच मिश्रण, पण डाय सेंटर आणि जाडी सुधारून. मग सी-४ ७०, एलडी २७, प्रोसेसिंग एडसह. मग २५ टक्के मेटॅलोसीनचं. तिन्ही ७५ मायक्रॉनवर, आणि तिसरं ६० वरही. एका मिश्रणावरून दुसऱ्यावर जाताना निदान अर्धा तास आधीचा माल निघून जाऊ द्या, तो नमुन्यात घेऊ नका. फिल्म ४८ तास ठेवा. एएसटीएम डी १७०९ या फिल्मच्या आघात-चाचणीच्या पद्धत ए मध्ये ३८ मिमी गोल टोकाचा डार्ट (वजन लावलेला दांडा) ६६ सेंमीवरून ताणलेल्या फिल्मवर टाकतात. तो आकडा दाणेवाल्याच्या डेटाशीटशी ताडायला उपयोगी, पण गोल टोक तुमच्या कास्टिंगच्या कोपऱ्यासारखं वागत नाही. त्यापेक्षा गिऱ्हाइकाकडून सगळ्यात टोकदार भाग मागून घ्या, तेलासकट. प्रत्येक मिश्रणाच्या तीस पिशव्या भरा, कंबरेइतक्या उंचीवरून कोपरा खाली येईल अशा पाच वेळा पाडा आणि कितव्या पाडीला फाटली ते लिहा. ब्लेडने छोटी खाच पाडून लांबीला आणि रुंदीला हाताने फाडून बघा. लांबीला सरसर आणि रुंदीला अडखळत फाटत असेल तर रेशोचं काम अजून बाकी आहे.

मग पन्नास-पन्नास पिशव्या गिऱ्हाइकाला द्या, पण कोपऱ्यात मार्करने ठिपका, दोन ठिपके, तीन ठिपके करून. कुठलं मिश्रण कुठलं ते त्यांना सांगू नका. फाटलेल्या पिशव्या फेकायच्या नाहीत, पोत्यात ठेवायच्या आणि तुमच्या टेम्पोबरोबर परत पाठवायच्या, एवढं मात्र भरणाऱ्या खात्याच्या सुपरवायझरला स्वतः जाऊन सांगा.